अर्धंच फुटलेलं गुपित

१

ते २००१ साल होतं. गिरणीतल्या जुन्या माणसांना विचारलं तर कुणी म्हणेल, कॅन्टीनचं छप्पर बसलं ते साल; कुणी म्हणेल, नवे माग आले ते साल. गिरणीच्या दवाखान्यातल्या सिस्टरना मात्र ते एकाच गोष्टीसाठी आठवतं. त्या साली हिवाळ्यातल्या एका सोमवारी मिस्त्रीचं गुपित चोरीला गेलं.

मिस्त्री म्हणजे माग दुरुस्त करणारा. कुठला माग रुसला, कुठला नुसता नखरे करतोय, हे त्याला चार पावलांवरून कळायचं. त्या सोमवारी भोंगा झाला, मिस्त्रीनं पान्ह्यांची पेटी उघडली, आणि मागखात्याचे मास्तर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पेटी ठेव. आजपासून तू कोठारात. सुताच्या बाबिनी मोजून द्यायच्या."

"माझं चुकलं काय?"

मास्तरांनी त्याच्या उजव्या हाताकडे बोट केलं. "थरथरतोय ना तो? उद्या मागाच्या पट्ट्यात सापडला तर तुझ्या बायकोला मी काय सांगू?"

मागखात्यात एवढा खडखडाट असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथं माणसं ओठांनी आणि हातवाऱ्यांनीच बोलतात. पण मधल्या सुटीला कॅन्टीनमध्ये जो तो मिस्त्रीच्या हाताकडे बघत होता, आणि मिस्त्रीनं तो हात खिशात घातला होता.

दुपारी तो दवाखान्यात आला. सिस्टर कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, सिस्टर. पोरांना नाही, मास्तरांना नाही. चारचौघांत हात पाठीमागे धरायचो. अख्ख्या जगात एकाच माणसाला सांगितलं, तेही तुम्ही सांगितलंत म्हणून."

"कुणाला?" सिस्टरनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"तुमच्या त्या प्रश्नबाईला. काचेच्या खोलीत."

२

प्रश्नबाईंच्या दारावरच्या पाटीवर 'लाइफ कोच' असं होतं. गिरणीत कामगार-स्वास्थ्याची नवी योजना निघाली, वजन-रक्तदाबाची तपासणी सुरू झाली, आणि तिच्याचबरोबर या बाई आल्या. पाटी वाचून एक विणकरीण म्हणाली होती, "अगं बाई, कोच म्हणजे या वयात आता पळायला लावणार की काय आपल्याला?"

बाईंनी कुणाला पळायला लावलं नाही. त्या उपदेश करत नसत, गोळी देत नसत, पाठ थोपटत नसत. प्रश्न विचारत आणि उत्तराची वाट बघत. वाट बघणं हेच त्यांचं खरं काम. आपण काहीतरी बोलून टाकावं म्हणून धडपडतो, आणि त्या समोर शांत बसलेल्या. शेवटी आपल्याच तोंडून आपल्यालाच माहीत नसलेलं बाहेर पडे. म्हणून त्या प्रश्नबाई.

सिस्टरवर त्यांचे उपकार होते. नवरा गेल्यापासून सिस्टरना झोप नव्हती आणि लेकीशी बोलणं तुटलं होतं. "तिनं काय करावं ते तुम्ही मला तीनदा सांगितलंत," प्रश्नबाई एकदा म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय ते एकदाही नाही. काय हवंय?" सिस्टर म्हणाल्या, "तिचा आवाज ऐकायचाय." "मग आजच का नाही?" एवढंच. त्या संध्याकाळी सिस्टरनी फोन केला. लेक पलीकडे नुसती रडत होती, आणि त्या रात्री सिस्टरना भोंग्यापर्यंत झोप लागली. असलं ऋण कसं फेडायचं, हे कुठल्या दवाखान्यात शिकवत नाहीत.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी दोघींना बोलावलं.

"मागखात्यातला एकही माणूस काल त्या खोलीकडे फिरकला नाही," ते म्हणाले. "त्यांना वाटतं, आत सांगितलेलं मास्तरांकडे जातं. बाई, तुम्ही कुणाजवळ बोललात?"

"नाही."

"मग गुपित काय उडून गेलं? आत तुम्ही दोघंच होता!"

"मी बोलले नाही. याहून दुसरं माझ्याजवळ काही नाही, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. कपाळ चोळत म्हणाले, "शनिवारी मालक येताहेत. तोवर उलगडा झाला नाही, तर योजना बंद आणि तुम्ही मोकळ्या. मला दुसरा इलाज नाही."

बाहेर आल्यावर प्रश्नबाई हळूच म्हणाल्या, "माझं जाऊ दे. मिस्त्रीला मी थायरॉइडच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं होतं. अशी थरथर पुष्कळदा औषधानं बरी होते. येत्या गुरुवारची वेळ ठरली होती. काल त्यानं ती चिठ्ठी फाडून टाकली."

म्हणजे प्रश्न नुसत्या नोकरीचा नव्हता. सिस्टरनी हातात उरलेले चार दिवस मोजले आणि थेट काचेच्या खोलीकडे वळल्या.

३

ती खोली कचेरीच्या लांब बोळात होती. पूर्वी तिथं टेलिफोनची यंत्रं होती, म्हणून भिंती जाड आणि दाराला रबराची पट्टी. बोळाच्या बाजूला छातीपासून वर सगळी काच. काचेला पडदा लावू या, असं साहेब म्हणाले होते. पण बाईंनीच नको म्हटलं. "बंद पडद्याआड काय चाललंय, अशी कुजबुज नको. बघू देत. ऐकू येत नाही ना, मग झालं." येणारा माणूस कोंडल्यासारखा वाटू नये म्हणून त्याची खुर्ची काचेकडे तोंड करून, आणि बाई स्वतः काचेकडे पाठ करून.

सिस्टर आत जाऊन दार लावून उभ्या राहिल्या. बाहेर टायपिस्ट खडाखडा टाइप करत होती. आत त्याचा मागमूससुद्धा नव्हता.

टायपिस्टचं टेबल त्या खोलीच्याच भिंतीला टेकलेलं. सिस्टरनी तिलाच आधी गाठलं.

"ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली. "दिवसभर हेच टकटक. एकदा भिंतीला कान लावला होता, खोटं कशाला बोलू? माझ्याच कानात समुद्र वाजला."

"तू स्वतःही जातेस ना बाईंकडे?"

टायपिस्ट लाजली. "जाते. सासूबाईंबद्दल जे बोललेय ते बाहेर फुटलं असतं, तर आज मी माहेरी असते."

मग चहावाल्या मावशी. काचेच्या खोलीत मध्येच जाणारं माणूस त्या एकट्याच.

"मी कप ठेवते नि निघते," मावशी कडाडल्या. "आणि मी आत शिरले की माणूस गप्पच होतो. जणू मी चहा नाही, वॉरंट घेऊन आलेय! माझ्यावर कशाला संशय? त्या बाकावरच्या मामांना विचारा, मी किती वेळ आत असते ते."

"मामांना काय विचारू?" सिस्टर हसल्या.

"तेही खरंच. देव्हाऱ्यातला देव आणि आमचे मामा, दोघांना नुसतं बघायचं."

बाकावरचे मामा म्हणजे जुने विणकर. उभा जन्म मागांशेजारी गेला आणि कान मागांनीच खाल्ले. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून साहेबांनी त्यांना बोळात, काचेच्या खोलीसमोर एक बाक दिला होता. तिथं बसून ते मागातून आडवा धागा नेणारे लाकडी धोटे घासून गुळगुळीत करत. त्यांना हाक मारून उपयोग नसे, समोर जाऊन उभं राहावं लागे. येता-जाता माणसं त्यांना हात करत आणि पुढे जात. बहिऱ्याशी बोलायचं तरी काय?

शेवटी मास्तर.

"मला कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही," मास्तर म्हणाले. "शब्द दिलाय. पण बाईंनी नाही सांगितलं, एवढं साहेबांना मी आधीच सांगितलंय."

"मग बाई सुटल्या!"

"कशा सुटतील? मला ज्यानं सांगितलं, त्याला कुणी सांगितलं? मिस्त्रीनं तर नाही. मग उरलं कोण?"

मास्तर जाता जाता वळून म्हणाले, "त्या माणसाला मिस्त्रीची काळजी होती, सिस्टर. 'हात थरथरतो, भीती वाटते, पोरीचं लग्न होईस्तोवर टिकायला हवं म्हणतो.' असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं त्यानं."

"आणि डॉक्टरांचं?"

"कुठले डॉक्टर?"



४

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रांग नसताना सिस्टर विचार करत बसल्या. मिस्त्रीनं जे सांगितलं ते शब्दाशब्दानं बाहेर आलं होतं. बाईंनी जे सांगितलं, त्याचा एक शब्दही नाही. बाईंनीच चुगली केली असती, तर आधी डॉक्टरचं आलं नसतं? गुपित फुटलं होतं, पण अर्धंच.

मग त्यांना आणखी काही आठवलं. मागखात्यातल्या एका विणकरणीला संध्याकाळी धागा दिसेनासा झाला होता. तसं कुणाजवळ बोलली नाही, प्रश्नबाईंजवळ बोलली. आणि आठवड्यात तिच्या मागावर नवा दिवा लागला. एक नुकतीच बाळंत होऊन मागावर परतलेली पोर. पाठ दुखते, हे तिनं फक्त काचेच्या खोलीतच सांगितलं होतं. एक दिवस तिच्या स्टुलावर जुन्या सुताची जाड गादी शिवून ठेवलेली. सगळ्यांना वाटलं, हे प्रश्नबाईंचं काम. सिस्टरही तसंच समजून मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होत्या.

त्या धावतच काचेच्या खोलीत गेल्या. "दिवा तुम्ही लावून घेतलात? गादी?"

"मी? मला वाटलं, तुम्ही!" प्रश्नबाई म्हणाल्या. "मी तुमचे आभार मानणार होते. मग म्हटलं, त्या दोघींनी मला सांगितलेलं तुम्हाला कसं कळलं, हे विचारावं लागेल. तेवढा धीर झाला नाही."

म्हणजे फुटत होतं ते कधीपासूनच. गोड होतं तोवर कुणी तक्रार केली नाही.

"कोणाकोणाचं फुटलं?" सिस्टर बोटं मोजू लागल्या. "मिस्त्री. दिव्याची बाई. गादीची पोर. आणि टायपिस्टचं नाही. हिशेबनिसांचं?"

"नाही. कचेरीतल्या कुणाचंच नाही. मागखात्यातल्याही एका मुलीचं नाही. ती बिचारी पूर्ण वेळ तोंडाला रुमाल लावून रडत होती."

मागखात्यातली माणसं तेवढी. आणि रुमालवाली सुटली. सिस्टरना उत्तर जिभेवर असल्यासारखं वाटत होतं, पण सापडेना. प्रश्नबाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. तुमचा चेहरा बघवत नाही. आणि जरा हळू बोला, मी बहिरी नाही."

"मी ओरडतेय का?"

"आवाज नाही हो. तोंड! तुमच्या मागखात्यातली माणसं एवढं मोठं तोंड उघडून, एकेक शब्द ओठांवर ठेवून बोलतात, की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, साहेबांनी सगळ्यांना सांगितलंय, नव्या बाईंना ऐकू येत नाही. तुम्हीही तशाच बोलता."

"माझी आई मागावर होती," सिस्टर म्हणाल्या. "घरातही ती अशीच बोलायची. आम्ही पोरं..."

वाक्य अर्धंच राहिलं. समोरच्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडामागे, काचेपलीकडे, एक बाक.

५

शनिवारी सकाळी सिस्टरच्या विनंतीवरून बोळात माणसं जमली. साहेब, मास्तर, प्रश्नबाई, टायपिस्ट, कपांची थाळी घेतलेल्या मावशी आणि एका कोपऱ्यात खिशात हात घालून मिस्त्री. त्याला सिस्टरनी जवळजवळ ओढतच आणलं होतं. मामा बाकावर धोटा घासत होते. एवढी गर्दी कशाला, म्हणून अधूनमधून मान वर करत.

"मी आत जाऊन दोन वाक्यं बोलणार," सिस्टर म्हणाल्या. "दार बंद असेल. साहेब, काय ऐकू येतं ते सांगा."

त्या आत गेल्या, दार लावलं, काचेकडे तोंड करून खुर्चीवर बसल्या आणि बोलल्या.

साहेब कान पुढे करून उभे. "काही नाही. शब्दसुद्धा नाही."

पण मास्तर फिसकन हसले. मिस्त्रीच्या कपाळावरची आठी मोडली. आणि बाकावर मामांनी झटकन हात डोक्यावर नेला, तिथं विसरलेला चष्मा काढला आणि शरमून नाकावर चढवला.

"काय झालं? तुम्ही का हसलात?" साहेबांना कळेना.

"सिस्टर म्हणाल्या," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "'मामा, चष्मा डोक्यावर आहे, सगळं घर शोधाल.'" मग त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री मामांकडे बघत होता.

सिस्टर बाहेर आल्या. "आपण मागखात्यात कानांनी ऐकतच नाही, साहेब, डोळ्यांनी ऐकतो. इतकी सवय, की आपण तसं करतो हेच विसरतो. बाईंचं तोंड आतल्या बाजूला, म्हणून त्यांचा शब्द बाहेर आला नाही. कचेरीतली माणसं ओठ जेमतेम हलवून बोलतात, त्यांचंही नाही. रुमालवालीचं नाही. राहिलं ते सगळं या काचेवर लिहिल्यासारखं होतं. आणि दिवसभर समोर बसतं कोण? आपण सगळ्यांवर संशय घेतला. ज्याला ऐकू येत नाही, तेवढा एक सोडून."

त्या मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हेच सारं त्यांना ओठांनी सांगितलं. मामांनी धोटा खाली ठेवला. ते बोलले ते, नेहमीप्रमाणे, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं.

"मग मी चोरून ऐकलं की काय? खात्याचा रिवाज काय आहे? खाजगी असेल तर इतरांकडे पाठ करा, नाहीतर तोंडावर हात धरा! ही सगळी उघड्या तोंडानं बोलत होती. मला वाटलं, मला दिसावं म्हणूनच बोलतात. इतक्या वर्षांत माझ्याकडे तोंड करून कुणी एवढं बोललं नव्हतं."



"आणि या बाई!" मामांनी प्रश्नबाईंकडे बोट केलं. "यांची नुसती पाठ दिसे. माणसं रडताहेत आणि या ढिम्म! म्हटलं, ही काही करत नाही, तर आपणच करावं. दिवा मागून घेतला. गादी शिवली. मिस्त्री तर माझ्या हाताखाली शिकलेलं पोर."

ते मास्तरांकडे वळले. "तुला मी सगळ्यांकडे पाठ करून सांगितलं होतं. त्याला जोडीला माणूस दे म्हटलं होतं, कोठारात टाक म्हटलं नव्हतं. आणि तू? भर खात्यात, उघड्या तोंडानं!"

मास्तरांची मान खाली गेली. "चुकलं, मामा. काळजीपोटी घाई झाली." मग ते मिस्त्रीसमोर गेले, आणि साहेबांकडे पाठ करून त्याला काही म्हणाले. काय ते त्या दोघांतच राहिलं.

मिस्त्रीनं खिशातला हात बाहेर काढला. तो थरथरतच होता. तो त्यानं प्रश्नबाईंपुढे धरला.

"बाई, मी तुम्हाला नको ते बोललो. ती डॉक्टरांची वेळ... परत मिळेल का?"

"तुम्हाला काय वाटतं?" प्रश्नबाईंनी विचारलं.

"झालं सुरू!" मावशी म्हणाल्या. "अहो, एकदा तरी सरळ 'हो' म्हणा!"

"हो," प्रश्नबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले गिरणीनं पाहिले.

६

पुढं काय झालं, तेही सांगायला हवं.

खोलीला पडदा लागला. मिस्त्रीची थरथर औषधानं पुष्कळ कमी झाली, सगळी गेली नाही. जोडीला माणूस मिळाला आणि तो मागांतच राहिला. पोरीच्या लग्नात आलेल्या प्रत्येकाला त्यानं त्याच उजव्या हातानं वाढलं. थोडं सांडलं, कुणी बघितलं नाही. मास्तर निवृत्त होईपर्यंत कुठलीही वाईट बातमी इतरांकडे पाठ करून देत. टायपिस्टची सासू शेवटी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून गेली. मावशी दार वाजवून आत जायला लागल्या, आणि त्याचाही त्यांनी मोठा गाजावाजा केला. साहेबांनी मालकांना काय सांगितलं कोण जाणे, पण योजना गिरणी चालू होती तोवर चालली.

मामांचा बाक हलला. त्या शनिवारनंतर प्रश्नबाईंनी त्यांना आत बोलावलं, पडदा ओढला आणि त्यांच्याकडे तोंड करून मोठ्ठं तोंड उघडून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" मामा तासभर बोलले. पडदा असूनही ते सगळ्या बोळानं ऐकलं, त्याला काही इलाज नव्हता. पुढे ते दर आठवड्याला जात. शेवटच्या आजारात ते म्हणत, कान गेले तेव्हा गेले, पण त्या बाईमुळे माणसं परत आली.

प्रश्नबाई बऱ्याच वर्षांनी गिरणी सोडून गेल्या. निघायच्या दिवशी त्या मागखात्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माग थांबवायची सोय नव्हती. सिस्टर शेजारी होत्या. एकेक विणकरीण मागावरून मान वर करी, ओठ हलवी आणि पुन्हा धाग्याकडे बघे. रांगेच्या टोकापर्यंत. तोवर बाई ती भाषा चांगली शिकल्या होत्या. सगळ्यांचं त्यांना समजलं.

सिस्टर आता थकल्या आहेत. लेकीच्या घरी असतात, आणि आईसारखंच त्यांनाही कमी ऐकू येतं. प्रश्नबाई कधी फोनच्या पडद्यावर दिसतात. आवाज नीट पोचत नाही, तरी अडत नाही. परवा बाईंनी मोठ्ठं तोंड उघडून विचारलं, "झोप लागते ना?"

लेक शेजारीच होती, नातवंडं होती. सिस्टरनी पाठ केली नाही, तोंडावर हात धरला नाही. सगळ्यांना दिसेल असं सांगितलं.

"लागते. तुमच्यामुळे."